चाकूच्या पाठीवर दांडका मारावा का?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरच्या राजेंद्र नगरला राहतो. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मित्रांबरोबर चोरल, काळाकुंड, जानापाव असा भटकत असतो. यंदा दिवाळीला स्वतःलाच एक चांगला चाकू घेतला. न मिटणारा, पातं साडेचार इंची. व्हिडिओत दाखवतात की असा चाकू लाकडाच्या तोंडावर आडवा ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकत लाकूड उभं फाडायचं. माझा एक मित्र म्हणतो, हा शुद्ध वेडेपणा आहे, चाकूची वाट लागते. दुसरा म्हणतो, पावसात आग पेटवायची तर याशिवाय इलाज नाही. आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुऱ्हाड मेली का?" खरं कुणाचं?

उत्तर : निम्मं तुझ्या आजोबांचं. उरलेलं निम्मं दोघा मित्रांत वाटून देते, पण त्यासाठी थोडं लाकडाच्या पोटात शिरावं लागेल.

माझे वडील मालवा मिलच्या अंगाला जळाऊ लाकडाची टाल चालवायचे. घरोघरी गॅसची टाकी पोचेपर्यंत आमचं घर त्या टालीवर चाललं. शाळेतून आले की दप्तर वजनकाट्यामागे टाकायचं आणि लाकूड फोडणाऱ्यांसमोर जाऊन बसायचं, हा माझा नेम. ती माणसं झाबुआकडची, अंगाने किरकोळ. पण घाव घालण्याआधी ते ओंडका फिरवून त्याचं कापलेलं तोंड बघायचे. लाकूड सुकताना तोंडावर चिरा पडतात, गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या. त्यातली सगळ्यात लांब चीर कुठली आणि तिच्या वाटेत गाठ येते का, एवढं पाहून झालं की मग कुऱ्हाड उचलायची, आणि ती नेमकी त्या चिरेत पडायची. गाठीचा ओंडका आला की कुणी त्याच्याशी झटापट करत नसे. तो बाजूला जायचा. वडील तो हलवायाला विकायचे. त्याच्या भट्टीत अख्खा ओंडका जातो, त्याला फोडलेला काय आणि न फोडलेला काय.

सांगायचा मुद्दा असा की लाकूड फोडताना धार फार थोडं काम करते. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. नळ्या आडव्या तोडायच्या तर दम निघतो. शेजारच्या दोन नळ्यांमधला सांधा उकलायला मात्र त्याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. धार फक्त पहिली फट पाडून देते. पुढे चीर धारेच्या आधी आपली आपण पळते आणि लाकूड दोन्हीकडे लोटण्याचं काम पात्याचे गाल करतात. फोडायच्या कुऱ्हाडीचं डोकं जाड असतं ते यासाठीच. ते आत शिरलं की फट बोटभर रुंद होते. तुझ्या चाकूची पाठ असेल तीन, फार तर चार मिलिमीटर. तो लाकडाला तेवढंच उघडू शकतो.

मनगटाएवढ्या सरळ लाकडाला तेवढं पुरतं. त्याहून जाड लाकूड तीन मिलिमीटर उघडतं आणि पुन्हा पात्यावर मिटतं. चाकू आत चिणला जातो. मग माणूस चिडतो, मूठ धरून डावी-उजवीकडे हिसडे देतो. पातं उभ्या घावाला तयार असतं, या आडव्या पिळाला नाही. तुझ्या पहिल्या मित्राने जे मोडलेले चाकू पाहिले असतील ते बहुतेक या हिसड्यांचे बळी. तेव्हा जाड लाकडापुरतं त्याचं म्हणणं बरोबर.

आता दुसरा मित्र. त्याला विचार, ही रीत आली कुठून. ती उत्तरेच्या ओल्या, थंड जंगलांतली आहे : स्वीडन, फिनलंड, कॅनडा. तिथे स्प्रूस आणि पाइनची वाळलेली खोडं बाहेरून पावसाने, बर्फाने भिजलेली असतात, पण आत कोरडी. ती फाडून आतला गाभा उघडा केल्याशिवाय आग धरत नाही. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक यासाठी लेउकू नावाचा लांब, रुंद पात्याचा चाकू बाळगत आले आहेत. फांदी छाटायची, बारीक लाकूड चिरायचं, सगळं त्याच्यावर. आणि त्यांची लाकडंही मऊ, सरळ वाढलेली. चाकू आत गेला की चीर टोकापर्यंत धावते.

आपल्या माळव्यात काय आहे? बाभूळ, जिचं लाकूड जड आणि बरेचदा वाकडं. निलगिरी, जिच्या रेषा पीळ घेत वर जातात आणि जिने टालीवर भल्याभल्यांना घाम फोडला. आणि धावडा. धावड्याचे कुऱ्हाडीला दांडे घालतात, बैलगाडीचे आस करतात. जे लाकूड कुऱ्हाडीचे घाव जन्मभर सोसतं, त्यात चाकू घालून तू काय साधणार? साग मात्र वाळलेला असेल तर छान फाटतो. पॅकिंगच्या खोक्यांची पाइनची फळी तर बघायलाच नको.

शिवाय आपल्याकडे लाकूड ओलं असतं कधी? जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, आणि पुढे काही आठवडे. दिवाळीनंतर रानात पायाखाली काटकी वाजते. तेव्हा वाळकी काडी हाताने मोडायची, जाड फांदी एकमेकांजवळ उभ्या दोन खोडांच्या बेचक्यात घालून वाकवायची, की झालं जळण. फाडायचं कशाला? आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या राज्याचा वनविभाग वणव्याचा हंगाम धरतो. सागाची पानं गळून गुडघ्याएवढे थर साचलेले असतात. त्या महिन्यांत रानात चूल मांडायचीच नाही, घरून थेपले न्यायचे.

एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण ते दुसऱ्या देशात बसलेले असतात. राखीव जंगलात आग पेटवणं, झाड छाटणं, तिथलं लाकूड गोळा करणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली येतं. आणि होळकरांचं जुनं शिकारगाह असलेलं आपलं रालामंडळ आता अभयारण्य आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. त्यात कलम ३० प्रमाणे आग लावायला मनाई, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन शिरायलाच मनाई. कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तुझा भटकंतीचा चाकू म्हणून तो सुटत नाही. रालामंडळला जाताना चाकू घरी. शहरातही तो कमरेला लटकवून पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहू नकोस. मध्य प्रदेशात सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगायला अधिसूचनेने बंदी आहे, आणि खटका दाबून उघडणारा चाकू तर कितीही लहान असला तरी चालत नाही. तुझा साडेचार इंची आहे, ठीक. पण म्यानात घालून, सॅकच्या तळाशी.

मग प्रयोग करायचा कुठे? ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून, त्याने दिलेल्या लाकडावर. तो आधी हसेल आणि मग स्वतःचा कोयता आणून देईल, ती गोष्ट वेगळी.

आता पावसाचं बोलू, कारण तुझ्या मित्राचा खरा मुद्दा तो आहे. इंदूरची माणसं पावसात चोरलला जाऊन काय करतात? दाल-बाफले. बाफला आधी पाण्यात उकडायचा आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा. यात लाकडाची गरज येते कुठे? प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून घरून कोरड्या गोवऱ्या नेल्या, बरोबर कापराची डबी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे असले की धो धो पावसातही ताडपत्रीखाली आग धरते. ट्यूबचा धूर घाणेरडा असतो, म्हणून ती फक्त पेटवायला. अन्न ठेवायच्या आधी तिचा वास जाऊ द्यायचा. मुलींच्या गटांना मी वर्षानुवर्षं असंच नेलं. चाकू होता, पण तो कांदे चिरायला.

इतकं ऐकूनही तुला ठोकून बघायचंच आहे, हे मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू, त्यात काही पाप नाही. इथे तुझ्या आजोबांचंही थोडं चुकतं. कुऱ्हाड हवेतून येते. नवखा हात, ओला दांडा, संध्याकाळचा अंधुक उजेड असेल आणि ती निसटली की थेट नडगीवर. चाकू मात्र आधी लाकडावर टेकवलेला असतो, मग वरून घाव पडतो. कुठे काय जाणार हे आधी दिसतं. बारीक लाकडासाठी, कुऱ्हाडीची सवय नसलेल्या माणसाला, ही रीत तुलनेने सांभाळून करता येते. आता कशी करायची ते नीट ऐक.

आधी जाडी. पातं लाकडाच्या पलीकडे दीड-दोन इंच बाहेर आलं पाहिजे, कारण चाकू आत गेल्यावर घाव त्या बाहेर आलेल्या टोकाकडच्या भागावरच घालायचे असतात. तुझ्या साडेचार इंची पात्याला म्हणून अडीच इंच जाडीचं लाकूड ही हद्द. लांबी वीतभर. लांब लाकूड फाडण्यात शहाणपण नाही. आधी करवतीने तुकडे कर. तुझ्या सॅकमध्ये घडीची करवत नसेल तर चाकूआधी ती घ्यायला हवी होतीस.

लाकूड जमिनीवर उभं करायचं नाही, दुसऱ्या ओंडक्यावर करायचं. चाकू आरपार गेला की खाली दगड असतो, आणि दगडावर धारेचा टवका उडतो. एक गुडघा टेकून बस, लाकूड पुढे आणि थोडं बाजूला. मांड्यांच्या मध्ये कधीच नाही. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते आणि काळाकुंडच्या घाटात तुला टाके घालायला कुणी बसलेलं नाही.

तोंडावरची चीर शोध, पातं तिच्यात ठेव, गाठ असेल तर लाकूडच बदल. जाडसर असेल तर मधोमध घुसू नकोस, कडेने एक फाक काढ, मग दुसरी. कडेची पातळ फाक सहज वाकून सुटते, म्हणून पातं चिणलं जात नाही. दांडका लाकडाचाच हवा, मनगटाएवढा, हातभर लांब. दगड नको, हातोडी तर नकोच. लोखंडावर लोखंड पडलं की पाठ चेपते, आणि कपचा उडाला तर तो डोळ्याकडे येतो. पहिले दोन-तीन घाव हलके, पाठीच्या मध्यावर. पाठ लाकडात बुडाली की टोकाकडे. मूठ धरलेला हात पातं आडवं सपाट राहील एवढंच बघतो. तो खाली दाबत बसला तर सगळा ताण मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे एकवटतो.

अडकला तर हिसडा नाही. इथेच तुला टालीवरची युक्ती सांगते, आणि या उत्तरातलं हे सगळ्यात कामाचं आहे असं माझं मत. कठीण लाकडाची एक पाचर तासून ठेव, बाभळीची उत्तम. चीर पडली की तिच्या तोंडात, चाकूच्या शेजारी, पाचर लाव आणि ठोक. लाकूड उघडलं की चाकू आपोआप सुटतो, तो बाजूला ठेव, आणि पुढचं काम पाचरेला करू दे. पाचर मोडली तर दुसरी करता येते. दोन पाचरी असल्या तर एकीच्या मागे दुसरी देत तू हद्दीपेक्षा जाड लाकूडही उघडशील, आणि तुझा चाकू तेवढा वेळ म्यानात. "याशिवाय इलाज नाही" म्हणणाऱ्या मित्राला हे करून दाखव.

चाकू कसला हवा, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या चाकूच्या मुठीत पोलाद कुठवर गेलंय ते आज घरी तपास. मुठीच्या कडेने किंवा बुडाशी पोलाद दिसत असेल तर पट्टी आरपार आहे. दिसत नसेल तर बहुधा निमुळती शेपटी निम्म्या मुठीपर्यंत जाऊन थांबली आहे. तो चाकू वाईट असतो असं नाही. स्वीडनच्या मोरा कंपनीचा 'कंपॅनियन' हा जगभर लाडका चाकू, त्याचं पोलाद मुठीत अर्धवटच जातं, आणि चाकूचं जे काम ते तो फार छान करतो. त्याच कंपनीने २०१६ मध्ये 'गार्बर्ग' नावाचा चाकू आणला, त्यात पट्टी आरपार आहे. ठोकाठोकीला दुसरा. पाठीवर करवतीसारखे दात कोरलेले चाकू घेऊ नकोस. ते दांडका कुरतडतात, आणि प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. पोलाद फार कडक असणंही इथे उपयोगाचं नाही. रॉकवेल मापावर ५६ ते ५८ बरं. ६० च्या पुढे धार जास्त टिकते पण घावाखाली टवके उडायची भीती वाढते.

आणि शेवटी हिशोब कर. आग एकदा धरली की मनगटाएवढं लाकूड अख्खं जळतं. फाडायचं ते फक्त पेटवणासाठी, म्हणजे एखादंच लाकूड, त्याच्या बोटाएवढ्या आठ-दहा काड्या. त्या काड्यांच्या कडा चाकूने सोलून पिसांसारख्या उभ्या करून ठेवल्या की त्या लवकर धरतात. एका लाकडासाठी कुऱ्हाड वाहून न्यायची नसेल तर चाकू ठोकायला माझी हरकत नाही. ढीगभर सरपण करायचं असेल तर आजोबांना बरोबर घेऊन जा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या शिबिराला जाताना त्याने वडिलांचा मिटवायचा चाकू नेला होता. तिथे मुलांनी तो दगडाने ठोकून लाकूड फोडलं. आता चाकू उघडल्यावर पातं खुळखुळतं. दुरुस्त होईल का? आणि त्याला रागवावं का?
— लोकमान्य नगर

उत्तर : मिटवायच्या चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर आणि एका बारीक कुलपावर असतो. ठोकण्यासाठी तो केलेलाच नाही. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल तर घट्ट करून बघा. रिव्हेट असेल आणि भोक मोठं झालं असेल तर तो चाकू आता लिफाफे फोडायलाही देऊ नका. कुलूप दगा देऊन पातं बोटांवर मिटतं, आणि ते मिटतं तेव्हा बोटं मुठीभोवती असतात.

रागवू नका. पण शिबिरात चौदा वर्षांची मुलं दगडाने चाकू ठोकत असताना मोठी माणसं कुठे होती, हे मात्र शाळेत जाऊन शांतपणे विचारा. घरी त्याच्या हातात एक पाचर आणि लाकडी हातोडा द्या, आणि खोक्याची पाइनची फळी फाडू द्या. पंधरा मिनिटांत लाकडाची रेषा कशी वाचायची ते त्याला कळेल.

प्रश्न : बांबू चाकूने फाडणं सोपं असतं असं ऐकलं. खरं का? आमच्या महूच्या घरामागे बेट आहे.

उत्तर : अगदी खरं, आणि भटकंतीत चाकूवर टोला द्यायचं मला पटणारं दुसरं कारण तेच आहे. बांबूचे धागे एका पेरात सरळ उभे असतात. बुरूड मंडळी चाकू टेकवून एक टोला देतात आणि पुढे नुसतं दाबत, पिळत नेतात. पेराची गाठ आली की तेवढ्यापुरता पुन्हा टोला. तुम्हीही तसंच करा, फक्त हातमोजे घाला. बांबूच्या कडा पात्याइतक्याच कापतात आणि कुसळ कातडीत शिरलं की आठवडाभर आठवण देतं.

जाळणार असाल तर फाडल्याशिवाय बांबू आगीत टाकूच नका. बंद पेरातली हवा आणि ओल तापून पेर फटाक्यासारखं फुटतं, निखारे अंगावर उडतात. प्रत्येक पेर उभं चिरलेलं असलं की ही भीती नाही.

प्रश्न : काकू, मी देवासचा. रस्त्याकडेला उतरलेल्या गाडिया लोहारांकडून ट्रकच्या कमानपट्ट्याचा चाकू करून घेतला आहे. जाड आहे, पाठ पाच मिलिमीटर. लाकूड फाडायला हा विकतच्या चाकूपेक्षा चांगला की नाही?

उत्तर : पोलाद उत्तम आहे. कमानपट्ट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, आणि ट्रकखाली वर्षानुवर्षं वाकून सरळ होण्यासाठीच ते केलेलं असतं. घाव सोसणं त्याच्या अंगात आहे. पाच मिलिमीटर पाठ म्हणजे पाचरेचं कामही बरं करेल. वांगी चिरायला मात्र तो त्रास देणार, तेव्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

सगळं अवलंबून आहे ते पाणी कसं दिलंय यावर. तापवून नुसतं विझवलं आणि पुन्हा हलकं तापवलं नाही तर पातं काचेसारखं कडक होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या टोल्याला मोडतं. पाणी दिलंच नसेल तर पोलाद मऊ राहतं. ते मोडत नाही, पण धार वळते. घरी तपासायला एक बारीक जुनी कानस घ्या. धारेजवळ हलकेच फिरवा. कानस लोण्यात शिरल्यासारखी खात गेली तर पातं मऊ आहे. अजिबात न धरता काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक. किंचित धरते, पण जोर लावल्याशिवाय खात नाही, अशी असली तर काम नीट झालंय.

पाठीवरही कानस फिरवून बघा. पाठ धारेपेक्षा मऊ लागली तर तो लोहार जाणता आहे, त्याचा डेरा कुठे असतो ते लिहून ठेवा. फार कडक निघाला तर चाकू घेऊन परत त्याच्याकडेच जा आणि "पाणी उतरवून द्या" म्हणा. त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. आणि हा लोखंडी जीव आहे, बाभळीच्या ओल्या लाकडातून निघाला की सालीतल्या टॅनिनने निळा-काळा पडेल. त्याने बिघडत काही नाही. पुसून खोबरेल लावा, आणि चामड्याच्या म्यानात घालून पावसाळाभर विसरू नका, तिथे तो गंजतो.